मेण, वात आणि वाळा

कल्याण-डोंबिवलीत कपाटात आडवी ठेवलेली लांब, बारीक मेणबत्ती मे महिना संपेपर्यंत वाकते. ना तिला ज्योत लागलेली असते, ना ऊन. नुसत्या हवेनं ती मान टाकते. भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येक घरात मेणबत्त्यांचा पुडा असायचाच, त्यामुळे हे इथल्या बायकांना पाठ आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर वीज गेली तेव्हा आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे एक मेणबत्ती उरली नव्हती. मेणबत्ती म्हणजे अडीअडचणीची वस्तू, फ्रिजच्या डोक्यावर पडलेली, इतकंच तेव्हा आम्हाला माहीत होतं.

मी मेणाकडे वळले ती उजेडासाठी नाही, वासासाठी. आमची इमारत डोंबिवली पूर्वेला आहे. पावसाळी रात्री वारा कारखान्यांच्या बाजूनं फिरला की एक आंबट, डोळे चुरचुरवणारा वास घरात येतो. खिडक्या लावायच्या, पंखा वाढवायचा, उशीला नाक लावून झोपायचं. मुलगी लहान होती तेव्हा ती अर्ध्या झोपेत विचारायची, "आई, आज कसला वास आहे गं?" वासासारखा वास यावा अशी एक तरी जागा घरात असावी, ही माझी साधी इच्छा होती. उदबत्तीचा धूर सासूबाईंच्या दम्याला चालत नव्हता. म्हणून ठाण्याला राम मारुती रोडवरून काचेच्या पेल्यातली एक सुगंधी मेणबत्ती आणली. लेबलवर परदेशी फुलाचं नाव होतं. वास गोड होता, पण आमच्यापैकी कुणालाच ओळखीचा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "वास चांगला आहे, पण कशाचा आहे ते आठवत नाही." हे वाक्य माझ्या मनात राहिलं. वास आला की काहीतरी आठवायला हवं. माझ्या आजोळी कपड्यांच्या ट्रंकेत वाळ्याची जुडी असायची, चैत्रात देवाला दवणा वाहायचे, गणपतीत केवड्याचं कणीस यायचं. यांतलं काही मेणात उतरवता येईल का, असं मनात आलं.

तेव्हा माझी नोकरी मशीद बंदरला होती. जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या आणि सुगंधी तेलांच्या दुकानांत मी जायला लागले. तिथल्या एका वयस्क दुकानदारांनी मला मेणाची बाराखडी शिकवली. पॅराफिन मेण विकताना त्याचा वितळणबिंदू सांगतात: ५८-६०, ६०-६२. एरवी दोन अंशांनी काय होतं असं वाटेल, पण आमच्याकडे त्या दोन अंशांवर मेणबत्तीचा उन्हाळा ठरतो. शिवाय मेणात तेलाचा अंश किती राहिलाय तेही बघायचं. स्वस्त मेण हाताला ओशट लागतं, नखानं सहज ओरखडतं, आणि तेच गरमीत आधी लोळतं. ते म्हणाले, "ताई, डोंबिवलीला नेणार ना? मग ६०-६२ घ्या, पूर्ण शुद्ध केलेलं घ्या." मेणाची लादी पिशवीत घालून लोकलच्या बायकांच्या डब्यात चढायचं आणि ती कुणाच्या पायावर पडू नये म्हणून डोंबिवलीपर्यंत दोन पायांत धरून उभं राहायचं, असं बरेच दिवस चाललं. हे मेण खनिज तेलातून निघतं. आसामात डिगबोईला १९०१ मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना मेणासाठी आजही ओळखला जातो. तिथपासून माझ्या ओट्यापर्यंतचा रस्ता मला फार मोठा वाटायचा.

सोयाबीनच्या मेणाचं कौतुक खूप ऐकलं होतं. ते चांगलं आहे, काचेच्या पेल्यात शोभतं, धूर कमी. पण पेल्यासाठी मिळणारं सोया मेण ५० अंशांच्या आसपासच वितळतं. थंड देशातल्या घरात ते वर्षभर घट्ट राहतं. आमच्या पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्यात त्याचं लोणी होतं. उभ्या, जाड, स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मेणबत्तीला ते एकटं पुरत नाही. पुस्तकांतली बहुतेक प्रमाणं वीस-बावीस अंशांच्या कोरड्या खोलीसाठी लिहिलेली असतात. आमच्याकडे चाळीस अंशांचा मे आणि ओला जुलै. म्हणून प्रमाणं इथेच, आपल्या ओट्यावर ठरवावी लागतात, आणि हेच मला या कामात सर्वांत जास्त आवडतं.

आता माझी ठरलेली रीत अशी. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, आणि गॅस मध्यम. मेण थेट आचेवर कधीच नाही. किलोभर मेणाला १०० ग्रॅम स्टिअरिक अ‍ॅसिड. त्यानं मेण कडक होतं, दुधासारखं पांढरं दिसतं आणि साच्यातून सुटताना आकसून बाजूला होतं. भांडं स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्यायचं, पितळी किंवा तांब्याचं नाही. स्टिअरिक त्याला धरतं आणि मेणात हिरवट छटा येते. ८० अंशांवर रंग आणि सुगंधी तेल घालायचं, दोनेक मिनिटं सावकाश ढवळायचं आणि ओतायचं.

साचा म्हणून सुरुवातीला मी नळकाम करणाऱ्यांकडचा तीन इंची जाड पीव्हीसी पाइप कापून आणला होता. उभी एक चीर दिली, बाहेरून क्लॅम्प आवळले, तळ बसवला, वातीच्या भोकाला लांबी लावली, की झाला साचा. पण फार गरम मेणानं पीव्हीसी मऊ पडतं, म्हणून ७० अंशांवर ओतावं लागतं, आणि इतक्या थंड मेणाच्या बाजूवर आडव्या रेघा उमटतात. गुळगुळीत अंग हवं तर मेण गरम ओतायला हवं, आणि गरम ओतायचं तर साचा धातूचा हवा. कल्याणला स्टेशनच्या बाजूच्या जुन्या बाजारात पत्रेकाम करणारे एक चाचा होते. त्यांना कागदाची नळी करून दाखवली. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे साचे वळून दिले आणि न सांगता एक गोष्ट केली: तळापेक्षा तोंड केसभर मोठं ठेवलं. "बेटी, चीज बाहर भी तो आनी चाहिए," असं म्हणाले. त्या केसभर उतारामुळे आजही माझ्या मेणबत्त्या साचा उलटा केला की एका टिचकीत बाहेर येतात.

तीन इंच व्यासाच्या, सहा इंच उंचीच्या एका मेणबत्तीत सुमारे ६०० ग्रॅम मेण बसतं. ते थिजताना आकसतं, दहावा हिस्सा तरी कमी होतो. वर पापुद्रा धरतो, पण आत वातीच्या बाजूला पोकळी तयार होत असते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून अर्ध्या तासानं विणायच्या सुईनं वातीभोवती तीन-चार भोकं पाडायची आणि राखून ठेवलेलं मेण पुन्हा ओतायचं, कधी कधी तिसऱ्यांदाही. हा कंटाळा केला तर जळताना ज्योत त्या पोकळीत उतरते आणि मेणबत्ती एका बाजूनं फुटून वाहते. मग रात्रभर हात लावायचा नाही. लवकर व्हावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवली की अंगभर बारीक भेगा पडतात. याबाबतीत आमची गरम हवा कामाला येते, कारण मेण हळूहळू निवतं आणि अंग एकसंध होतं. फक्त मे महिन्यात ते साच्याला चिकटून बसतं. तेव्हा सकाळी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं की सुटतं.

वातीबद्दल मात्र मी कितीही बोलू शकते. सासूबाई कापसाच्या फुलवाती वळतात; त्यांच्यासारखी एकसारखी वात आमच्या मजल्यावर कुणी वळत नाही. त्यांनी मला एकदा जाड लांबवात वळून दिली, "ही घाल की तुझ्या मेणात," म्हणून. तुपातल्या निरांजनात ती तासभर सुंदर जळते. मेणात ती काजळी धरते, टोकाला गोंडा येतो. मेणबत्तीला वेणीसारखी विणलेली सुती वात लागते. विणीच्या ताणामुळे ती जळताना एका अंगाला वळते, टोक ज्योतीच्या कडेला बाहेर येतं आणि तिथे पूर्ण जळून राख होतं, म्हणून ती वारंवार कापावी लागत नाही. वात मेणबत्तीच्या जाडीला बारीक पडली तर वितळलेल्या मेणाच्या तळ्यात बुडते. जाड झाली तर धूर. पावसाळ्यात वात हवेतलं पाणी पिते आणि पेटवल्यावर तडतडते. म्हणून आधी ती वितळलेल्या मेणात बुडवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढायची, सरळ ताणून वाळवायची. जून ते सप्टेंबर मी वातीचं रीळ तांदळाच्या डब्यासारखं घट्ट झाकून ठेवते.

मुलगी शाळेत असताना तिला मी एक गंमत दाखवली होती, तीच आता मी शिकवते त्या मेणबत्तीच्या वर्गातल्या बायकांना दाखवते. पेटलेली मेणबत्ती विझवायची, वातीवरून पांढरी रेघ वर चढते. तिला वरच्यावर पेटती काडी दाखवली की ज्योत उडी मारून वातीवर येते. मेण घट्ट असतं तेव्हा जळत नाही, पातळ होतं तेव्हाही नाही. त्याची वाफ जळते. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर दिलेली व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपानं आली, त्यांत हा प्रयोग आहे. वासाचंही तसंच आहे. ज्योतीत जाणारा सुगंध जळून जातो. घरभर पसरतो तो ज्योतीभोवतीच्या पातळ मेणाच्या तळ्यातून उडालेला. म्हणून तळं रुंद झाल्याशिवाय वास येत नाही. नवीन जाड मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की व्यासाच्या प्रत्येक इंचाला सुमारे एक तास जळू द्यावी, म्हणजे माझ्या तीन इंचीला तीन तास. दहा मिनिटांत विझवली तर मधेच खड्डा पडतो आणि पुढे आयुष्यभर ती त्या खड्ड्यातच जळते. आता मी मेणबत्त्या विकते, तेव्हा हे प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगते, चिठ्ठीवर लिहूनही देते.

तेल किती घालायचं? जितकं जास्त तितका वास जास्त, असं सगळ्यांना वाटतं. पॅराफिनमध्ये मी किलोला ३० ते ५० ग्रॅमच्या पुढे जात नाही. जास्त झालेलं तेल मेण धरून ठेवत नाही. गरमीत ते थेंब होऊन अंगावर येतं, मेणबत्ती ओशट होते, वात गुदमरते. पाण्यातली किंवा अल्कोहोलमधली अत्तरं तर मेणात मिसळतच नाहीत. कनौजचं खरं वाळ्याचं अत्तर मी पाव तोळा आणलं होतं. ते मनगटावर लावण्याचं आहे, मेणात घालून जाळणं मला बरोबर वाटत नाही. मेणासाठी बनवलेली वाळ्याची, केवड्याची तेलं मिळतात, ती मी वापरते. मोगरा न पेटवता फार छान येतो, पेटवल्यावर थोडा मागे सरतो. गवती चहाचा वास खोलीत सर्वांत लवकर पोचतो. सोनचाफ्याचं तेल मी अजून मनासारखं कुठे पाहिलेलं नाही. बाटलीतल्या त्या गोडव्यात फुलाचा तिखटपणा नसतो.

कारखान्यांकडून वारा आला की आता आम्ही वाळ्याची पेटवतो. हवा त्यानं शुद्ध होत नाही, हे मी स्पष्ट सांगते. बंद खोलीत मेणबत्ती जाळली तर हवेत भरच पडते. खिडकी थोडी उघडी ठेवूनच लावायची. पण घरात आपल्या ओळखीचा एक वास आहे, याचा झोपेवर फरक पडतो.

न पेटवायच्या सुगंधी वस्तूंकडे मी वळले ते वांद्र्याला. सप्टेंबरमध्ये ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोतमाऊलीच्या चर्चची जत्रा भरते. ऑफिसातल्या वसईच्या एका मैत्रिणीबरोबर मी गेले. चढावर दुतर्फा दुकानं, आणि त्यांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, अगदी विमानंही. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो घर. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं होती. आमच्या पुढे नऊवारीतल्या एक आजी मेणाचं बाळ ओंजळीत धरून उभ्या होत्या. त्या वस्तूंचे कोपरे, बोटं, खिडक्या मी नीट पाहून घेतल्या. मेण इतका बारीक आकार धरतं, आणि त्याला वात असायलाच हवी असं नाही, हे तिथे दिसलं.

वात नसली की फार मोकळीक मिळते. मेणबत्तीत चूर्ण घालता येत नाही, ते तळाला बसतं आणि वातीचं तोंड बंद करतं. कपाटात टांगायच्या मेणाच्या वस्तूत ती अडचण नाही. म्हणून दिवाळीच्या उटण्यात जे पडतं ते मी तिथे घालते: वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, गव्हला. वस्त्रगाळ करायचं, आणि मेण साईसारखं घट्ट व्हायला लागलं की मिसळायचं, म्हणजे चूर्ण खाली बसत नाही. दोन भाग ६०-६२ पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण, हे माझं प्रमाण. नुसतं पॅराफिन पडलं की टवका उडतो. मधमाश्यांचं मेण चिवट असतं आणि ६२-६४ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यातही दोऱ्यावर आकार धरून राहतं. त्याचा स्वतःचा मधाळ वास मोगऱ्याला झाकून टाकतो, पण वाळा, लवंग, दालचिनी यांच्याशी त्याचं चांगलं जुळतं. कडा पांढरट झाल्या आणि मध्य अजून मऊ आहे, अशा वेळी वर चक्रीफूल, तमालपत्राचा तुकडा, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या हलक्या हातानं बसवायच्या. काडीनं भोक पाडून रेशमी दोरा ओवायचा.

फुलं कल्याणच्या बाजार समितीच्या फूलबाजारातून आणते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे ढीग उरलेले असतात. पाकळ्या सावलीत, वर्तमानपत्रावर, पंख्याखाली. उन्हात रंग उडतो. पावसाळ्यात फुलं सुकवत नाही, बुरशी धरते आणि ती मेणाच्या आतूनही दिसते. मोगरा मात्र कसाही सुकवला तरी तपकिरी होतो. आणि एक गोष्ट पैठणीवाल्यांसाठी: ही वस्तू कपाटाच्या दांडीला टांगायची, साडीच्या घडीत ठेवायची नाही. रेशमावरचा मेणाचा डाग निघत नाही.

मधमाश्यांच्या मेणासाठी महाबळेश्वरला जाणं झालं. तिथलं मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. त्याच महाबळेश्वरात भावेश भाटिया यांचा मेणबत्त्यांचा उद्योग आहे. दृष्टी गेल्यावर त्यांनी मुंबईला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये मेणबत्तीचं काम शिकून घेतलं, हातगाडीवर विकून सुरुवात केली आणि पुढे अनेक दृष्टिहीन माणसांना या कामात उभं केलं. त्यांच्या मेणबत्त्या हातात घेतल्या तेव्हा मी कितीतरी वेळ अंगावरून अंगठा फिरवत होते, कुठे खड्डा नाही, रेघ नाही. घरी आल्यावर मी थर्मामीटर बाजूला ठेवला नाही, पण साच्याला हाताची मागची बाजू लावून पाहायला लागले. पापुद्रा कधी धरला, आतलं अजून किती पातळ आहे, हे आता हाताला कळतं. अंधारात उठून पाहिलं तरी कळतं.

सोसायटीत सुरुवातीला धाकधूक होती, आणि ती मला पूर्ण मान्य होती. मे २०१६ आणि मे २०२४ मधले डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतले स्फोट आम्ही ऐकलेत, काचा फुटताना पाहिल्यात. "घरात केमिकल वितळवता?" असं सेक्रेटरी काकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सकाळी बोलावलं आणि सगळं समोर केलं. मेणाखाली पाणी असेपर्यंत ते १०० अंशांच्या पुढे जात नाही. मेणातून धूर निघू लागला तर ते पेटण्याच्या वाटेवर आहे, गॅस बंद करायचा. पेट घेतलाच तर घट्ट झाकण ठेवायचं, पाणी कधीही टाकायचं नाही. पाण्यानं जळतं मेण छतापर्यंत उडतं. ओट्यावर झाकण कायम हाताशी, खिडकीचा पडदा काढलेला, घरात लहान मूल असेल त्या दिवशी काम बंद. आणि उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतायचं नाही, साऱ्या इमारतीचा पाइप तुंबेल. काका तासभर बसले आणि जाताना माझ्या वर्गासाठी आपल्या सुनेचं नाव नोंदवून गेले.

सासूबाईंची अट एकच होती. "दिवा फुंकून मालवायचा नाही." काडीच्या टोकानं वात वाकवायची, पातळ मेणात बुडवायची, पुन्हा सरळ करायची. ज्योत शांत होते, धूर अजिबात निघत नाही, आणि वातीला मेण लागल्यामुळे दुसऱ्या दिवशी ती लगेच पेटते. फुंकर मारली की जळक्या वातीचा वास खोलीत भरतो आणि तीन तासांचा वाळा वाया जातो. सासूबाईंची ही रीत मी आता सगळ्यांना शिकवते.

दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत, डोंबिवलीला आणि ठाण्याला नौपाड्यात, मी टेबल लावते. लोक आधी वास घेतात, मग डोळे मिटतात, मग बोलायला लागतात. दवण्याच्या मेणबत्तीपाशी एक काका बराच वेळ उभे होते. ते मूळचे जोतिबाच्या डोंगराजवळचे. त्यांनी दोन घेतल्या आणि भाव विचारलाच नाही. भाव मात्र मी नीट लावते. कल्याणच्या बचत गटातल्या बायकांना शिकवताना मी आधी वही काढायला लावते. मेण, तेल, वात, दोरा, उल्हासनगरहून आणलेले खोके, हे सगळ्या लिहितात. गॅस लिहायला विसरतात आणि स्वतःचे तास कुणीच लिहीत नाही. रात्री अकराला दुसऱ्यांदा मेण ओतायला उठलात, त्याचे पैसे कुठायत, असं विचारलं की एकमेकींकडे बघतात. तो रकाना भरल्याशिवाय मी साचा हातात देत नाही.

पुढचा वर्ग दसरा झाला की आहे. झेंडू तेव्हाच स्वस्त मिळतो. तोवर प्रत्येकीनं घरचं एक स्टीलचं पातेलं बाजूला काढायचं, त्यावर रंगानं खूण करायची आणि घरात सगळ्यांना सांगायचं की यात आता पुन्हा आमटी शिजणार नाही.